दोषारोपपत्र दाखल झाल्यानंतरचा जामीन: अर्ज कोठे करावा, त्यात काय मांडावे आणि आदेशानंतर काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातील एका गावात शेताच्या बांधावरून दोन घरांत मारामारी झाली. प्रश्नकर्ते पुण्यात नोकरी करतात. त्यांच्या २६ वर्षांच्या धाकट्या भावावर कोयत्याने वार केल्याचा आरोप असून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ म्हणजे खुनाचा प्रयत्न, कलम ११८(२) म्हणजे घातक हत्याराने जबर दुखापत, आणि शिवीगाळ व समान उद्देशाची कलमे लावलेली आहेत. चार दिवस पोलीस कोठडी झाली, त्यानंतर एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली. तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला आणि ६८व्या दिवशी पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले. ‘आता चार्जशीट गेले, खटला संपेपर्यंत पोरगा सुटत नाही’ असे भावकीतले लोक सांगतात. हे खरे आहे का, पुढचा अर्ज कोठे करायचा, त्यात काय लिहायचे, आणि १५ हजार रुपयांत जामीनदार उभा करून देतो म्हणणाऱ्या माणसाला पैसे द्यावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली २२ वर्षे जिल्हा व सत्र न्यायालयांत फौजदारी वकिली करतो. कागद न पाहता कोणत्याही प्रकरणाचा निकाल सांगता येत नाही. तरीही तुमच्या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी देता येतील.

भावकीतल्यांचे म्हणणे चुकीचे आहे. पोलिसांनी तपास संपवून न्यायालयात दिलेला अहवाल म्हणजे दोषारोपपत्र. त्यानंतर न्यायालय आरोपीवर दोषारोप निश्चित करते, ज्याला आम्ही चार्ज फ्रेम होणे म्हणतो, आणि मग साक्षी सुरू होतात. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर जामीन मागता येतो. उलट मारामारीच्या गुन्ह्यांत मला सर्वाधिक जामीन मिळाले आहेत ते याच टप्प्यावर, आणि त्यामागे सरळ कारण आहे. दोषारोपपत्रापूर्वी सरकारी पक्षाचा ठरलेला आक्षेप असतो की तपास प्राथमिक अवस्थेत आहे, हत्यार हस्तगत व्हायचे आहे, साक्षीदारांचे जबाब बाकी आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे तर पोलीस कोठडीचे एकूण १५ दिवस पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात, त्यामुळे ‘कोठडीचे दिवस शिल्लक आहेत’ हाही आक्षेप त्या काळात पुढे केला जातो. वास्तविक तेवढ्याच कारणावरून जामीन नाकारू नये असे याच संहितेच्या कलम ४८० मध्ये म्हटले आहे. दोषारोपपत्र दाखल झाले की हे सर्व आक्षेप मागे पडतात. पोलिसांजवळ जे काही आहे ते कागदावर आलेले असते आणि त्याची पूर्ण प्रत आरोपीला विनामूल्य मिळण्याचा हक्क असतो.

मुदत उलटल्यामुळे मिळणाऱ्या जामिनाविषयी एवढेच सांगतो, की तुमच्या भावाला तो मिळणार नाही. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, मग गुन्हा कितीही गंभीर असो. तुमच्या प्रकरणात मुदत ९० दिवसांची होती आणि पोलीस ६८व्या दिवशी आले. ज्यांच्या घरचा माणूस अजून त्या मुदतीत आहे त्यांनी मात्र दिवस नीट मोजावेत. आरोपीला पहिल्यांदा कोठडी दिली तो दिवस मोजणीत धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. अर्जही मुदत संपताच, दोषारोपपत्र येण्यापूर्वी दाखल व्हावा लागतो. एका दिवसाच्या आळसाने हा हक्क गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

आता न्यायालयाचा प्रश्न. कलम १०९ चा खटला फक्त सत्र न्यायालयात चालतो, आणि त्या कृत्यात दुखापत झाली असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. अशा गुन्ह्यात जामीन देण्याचा न्यायदंडाधिकाऱ्यांचा अधिकार कलम ४८० ने बराच मर्यादित केलेला आहे. महिला, बालक, आजारी किंवा अशक्त व्यक्ती यांच्यासाठी त्यात सवलत आहे. त्यामुळे तालुक्याच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला याचा अर्थ पुरावा भक्कम आहे असा काढू नका. पुढचा अर्ज कलम ४८३ खाली साताऱ्याच्या सत्र न्यायालयात करायचा आहे. तो त्या आदेशावरचे अपील नसून स्वतंत्र अर्ज असतो आणि सत्र न्यायाधीश तो नव्याने पाहतात. पूर्वीचा अर्ज कधी केला, कोणी फेटाळला, अन्यत्र कोणता अर्ज प्रलंबित आहे का, हे अर्जात स्पष्ट लिहिलेच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये याविषयी कडक निर्देश दिले आहेत, आणि ही माहिती दडवल्याचे उघड झाले तर चांगला अर्जसुद्धा तेवढ्यावर जातो.

अर्जात काय मांडायचे, याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. भाऊ निर्दोष आहे की नाही, हे जामिनाच्या वेळी ठरत नाही. न्यायाधीशांना प्रथमदर्शनी आरोपाचे स्वरूप आणि त्याची शिक्षा पाहावी लागते, आणि त्यानंतर तीन शंका त्यांच्यापुढे उभ्या असतात: हा माणूस सुटला तर तारखांना येईल का, साक्षीदारांना धाक दाखवील का, आणि पुन्हा तसेच काही करील का. घरातली मंडळी वकिलांना सगळा वेळ ‘आमचा भाऊ तसा नाही, बांध त्यांनीच कोरला’ हे सांगण्यात घालवतात. ते ऐकून घ्यावेच लागते; पण ज्या अर्जात या तीन शंकांचे कागदोपत्री उत्तर नाही, तो अर्ज कितीही पानांचा असला तरी अपुरा असतो.

म्हणून वकिलांना पहिली विनंती अशी करा, की त्यांनी दोषारोपपत्र पान अन् पान वाचावे, आणि तुम्ही स्वतःही ते वाचा. विशेषतः फिर्याद, दुखापतीचा दाखला, घटनास्थळाचा पंचनामा, हत्यार जप्तीचा पंचनामा आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांचे जबाब हे पाच कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा. काही वर्षांपूर्वी अशाच बांधाच्या प्रकरणात मी बचाव पक्षाचा वकील होतो. फिर्यादीत ‘कोयत्याने डोक्यात सपासप तीन वार केले’ असे शब्द होते. ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यात डोक्यावर जखम एकच, साडेतीन सेंटीमीटर लांबीची, कडा फाटलेल्या, हाडापर्यंत न गेलेली, आणि तिच्यापुढे डॉक्टरांनी ‘बोथट वस्तू’ असे लिहिलेले. जबर दुखापत म्हणून नोंदलेली होती ती हाताच्या हाडाची. जखमी माणसाला तिसऱ्या दिवशी घरी सोडले होते. कोयता जप्त झाला होता खरा, पण तो आरोपीच्या घराच्या ओसरीवरून, आणि त्यावर रक्ताचे डाग असल्याचा पंचनाम्यात उल्लेख नव्हता. मारामारी झालीच नाही असे मी एका शब्दानेही म्हटले नाही. एवढेच दाखवले की, खुनाचा प्रयत्न म्हणण्यासाठी जो हेतू लागतो तो या दाखल्यावरून सकृद्दर्शनी दिसत नाही, जखमी धोक्याबाहेर आहे, हत्यार जप्त झाले आहे आणि आरोपीकडून आणखी काही हस्तगत करायचे राहिलेले नाही. अर्ज मंजूर झाला.

तुमच्या भावाच्या कागदांतही असेच निघेल असे मी म्हणत नाही. कदाचित डोक्याची जखम खोल असेल, कदाचित वारांची संख्या जुळत असेल. तसे असेल तर तो मुद्दा ताणू नये, कारण न्यायाधीशांसमोरही तोच दाखला असतो. त्याऐवजी इतर बाबींवर भर द्यावा. भांडण आधी ठरवून झाले की जागच्या जागी पेटले, भावाच्या नावावर नेमके कोणते कृत्य आहे, त्याच प्रसंगात तुमच्या घरच्या कोणाला मार लागला का, तुमच्याकडून परस्परविरोधी फिर्याद दिली गेली का, सहआरोपींपैकी कोणाला जामीन झाला आहे का, हे सर्व तारीख आणि कागदांसह यावे. सहआरोपीला जामीन झाला म्हणून आपल्यालाही मिळेल हा मुद्दा तेव्हाच चालतो, जेव्हा दोघांची भूमिका सारखी असते. ज्याच्या हातात काठी होती त्याच्याशी कोयतेवाल्याची बरोबरी होत नाही. अटकेची कारणे भावाला लेखी आणि त्याला कळणाऱ्या भाषेत दिली होती का, घरच्यांना अटकेची खबर मिळाली का, हेही वकिलांना तपासायला सांगा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी लेखी कारणे कोठडीसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी दिली पाहिजेत. तुमच्या भावाची अटक त्यापूर्वीची की नंतरची, यावर या मुद्द्याचे वजन अवलंबून राहील.

आता त्या तीन शंकांपैकी पहिली. भाऊ पळून जाणार नाही, हे कशावरून? घर कोणाच्या नावे आहे, शेतीचा सातबारा आणि ८अ, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, तो कामावर असेल तर मालकाचे पत्र, लग्न झाले असेल तर मुलांच्या शाळेचा दाखला, आईवडील आजारी असतील तर औषधोपचाराचे कागद, हे सर्व अर्जासोबत जोडावे. दुसरी शंका बांधाच्या प्रकरणात सर्वांत अवघड असते, कारण फिर्यादीचे घर आणि आरोपीचे घर यांत कधीकधी एका पडवीचे अंतर असते, आणि ‘आरोपी सुटल्यास साक्षीदारांवर दबाव आणील’ हे तपास अधिकाऱ्याचे वाक्य अशा वेळी न्यायाधीशांना खरेच वाटते. तुमची परिस्थिती इथे उपयोगी पडू शकते. तुम्ही पुण्यात राहता. खटल्यातील महत्त्वाच्या साक्षी होईपर्यंत भाऊ गावात पाऊल ठेवणार नाही, तुमच्याकडे पुण्यात राहील आणि तेथील पोलीस ठाण्यात हजेरी देईल, अशी हमी आपण होऊन अर्जातच द्या आणि तुमच्या घराचा भाडेकरार किंवा मालकीचा कागद, वीजबिल जोडा. जी अट न्यायालय कदाचित घालणारच आहे ती आधीच स्वीकारल्याने सरकारी पक्षाच्या मुख्य आक्षेपाला उत्तर मिळते. फक्त देता येईल तेवढीच हमी द्या. सुगीला गावी यावेच लागणार असेल तर ते आधी वकिलांना सांगा.

आणि एक कळकळीची विनंती. समेटासाठी, माफीसाठी, औषधोपचाराचा खर्च देण्यासाठी, कोणत्याही कारणाने फिर्यादीच्या दारात जाऊ नका आणि कोणाला पाठवूही नका. मनात चांगला हेतू असला तरी दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात ‘केस मागे घे म्हणून धमकावले’ अशी अदखलपात्र नोंद होते, आणि ती एनसी सरकारी पक्ष आपल्या म्हणण्याला जोडतो. चुलत्याच्या एका भेटीमुळे पुतण्याचा अर्ज फेटाळला गेल्याचे मी अनुभवले आहे.

भावावर आधीचा एखादा गुन्हा असेल तर तो लपवू नका. पोलिसांच्या नोंदीत तो असतोच. सुटलेला खटला, तडजोडीने मिटलेली जुनी मारामारी, दंडावर संपलेले दारूबंदीचे प्रकरण, हे सर्व निकालाच्या प्रतीसह आपणच सांगितले तर त्याची धार कमी होते.

प्रत्यक्ष प्रक्रिया अशी चालते. वकिलांनी दिलेला वकालतनामा कारागृहात पाठवून त्यावर भावाची सही आणि कारागृह अधीक्षकांचे साक्षांकन घ्यावे लागते. यात दोन-चार दिवस सहज जातात, म्हणून हे काम आजच सुरू करा. अर्ज दाखल झाला की त्याला क्रमांक पडतो आणि न्यायालय सरकारी वकिलांकडून व तपास अधिकाऱ्याकडून लेखी म्हणणे मागवते. कोर्टात सगळे याला ‘से’ म्हणतात. अर्ज रेंगाळतो तो बहुधा इथेच, कारण तपास अधिकारी बंदोबस्तात असतो किंवा कागद पोलीस ठाण्यातून येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२२ च्या सतेंदरकुमार अंतिल निकालात म्हटले आहे, की एखाद्या कायद्यातच वेगळी तरतूद नसेल तर नियमित जामीन अर्ज दोन आठवड्यांत निकाली काढावेत. ‘से’साठी तिसऱ्यांदा तारीख मागितली गेली की वकिलांनी हा निकाल नम्रपणे न्यायाधीशांच्या निदर्शनास आणावा. जखमी पक्षालाही वकिलामार्फत आपले म्हणणे मांडता येते. त्यांचा विरोध ऐकून रागावू नका आणि न्यायालयाच्या आवारात त्यांच्याशी बोलू नका.

वकिलांची फी परवडत नसेल तर कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक त्याचसाठी आहे. मोफत वकील मन लावून काम करत नाही, ही समजूत मी बाळगत नाही. तिथे काम करणारे काही तरुण वकील कागद माझ्यापेक्षा बारकाईने वाचतात.

तुमच्या प्रश्नात नसलेली एक शक्यता येथे नोंदवतो. फिर्यादी अनुसूचित जाती वा जमातीचे असतील आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागली असतील, तर जामीन अर्ज विशेष न्यायालयात करावा लागतो, पीडिताला नोटीस द्यावी लागते आणि त्या न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात कलम १४अ खाली अपील करावे लागते. मोक्का, अमली पदार्थ, बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध आणि मनी लाँडरिंग या कायद्यांत तर जामिनाच्या कसोट्याच वेगळ्या आणि कठोर आहेत. वर लिहिलेले त्यांना जसेच्या तसे लावू नये.

आता जामीनदाराविषयी, आणि येथे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण आदेश मिळूनही माणूस कारागृहातच राहतो तो याच टप्प्यावर. आदेशात साधारणपणे ‘अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक किंवा दोन जामीनदार’ असे लिहिलेले असते. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः दिलेले बंधपत्र. जामीनदार म्हणजे आरोपी तारखेला येईल याची हमी घेणारी आणि तो न आल्यास ती रक्कम भरण्याची जबाबदारी स्वीकारणारी दुसरी व्यक्ती. जामीनदाराला आपली ओळख, पत्ता आणि ऐपत सिद्ध करावी लागते. शेतकऱ्यासाठी चालू सातबारा, ८अ आणि बऱ्याच ठिकाणी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. नोकरदारासाठी पगारपत्रक आणि कार्यालयाचे ओळखपत्र. शिवाय आधार, पॅन, रेशनकार्ड, छायाचित्रे. यापूर्वी आपण किती आरोपींना जामीन राहिलो आहोत, हे त्याला प्रतिज्ञेवर सांगावे लागते.

माझ्या एका पक्षकाराचा आदेश शुक्रवारी दुपारी तीन वाजता झाला. जामीनदार म्हणून मामा सकाळपासून आवारात येऊन बसलेले होते, धुतलेल्या धोतरात, कागदांची पिशवी छातीशी धरून. कागद तपासणीला गेले आणि लक्षात आले की सातबाऱ्यावर त्यांचे घरात हाक मारायचे नाव लागले आहे आणि आधार कार्डावर शाळेच्या दाखल्यातले. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र लागणार होते. नोटरी निघून गेलेले, दुसरा शोधून प्रतिज्ञापत्र होईपर्यंत साडेपाच वाजले, न्यायाधीश उठलेले. शनिवार-रविवार धरून मुलगा आणखी तीन रात्री आत राहिला. त्यात चूक माझी होती. मी ते कागद आधी पाहायला हवे होते. तेव्हापासून अर्ज दाखल करायच्या दिवशीच मी जामीनदाराला कार्यालयात बोलावून त्याचा प्रत्येक कागद अक्षरन् अक्षर जुळवून पाहतो, आणि तुम्हीही तुमच्या वकिलांना तशी विनंती करा.

जामीनदार त्याच जिल्ह्यातला असावा, असा आग्रह कोणी धरला तर १९७८ चा मोतीराम खटला दाखवावा. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला गेला, आणि त्याचा भाऊ पुढे आला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या रकमेवर आणि त्या नकारावर तीव्र शब्दांत टीका करून ती रक्कम एक हजारावर आणली. तुमचे पुण्यातले घर किंवा पगारपत्रक याच कारणाने चालू शकते. जामीनदार लगेच मिळत नसेल तर काही आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन भरून सुटका करून घेण्याची आणि त्या मुदतीत जामीनदार देण्याची परवानगी मागता येते. ती रक्कम खटला संपल्यावर परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवा. रक्कम आवाक्याबाहेर असेल तर कलम ४८४ खाली ती कमी करण्याचा अर्ज करा. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले आहे की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात पोहोचावा, सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर अट शिथिल करण्याचा न्यायालयाने स्वतःहून विचार करावा.

त्या १५ हजारवाल्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. असे लोक जे जामीनदार उभे करतात त्यांचे रेशनकार्ड, सातबारा, कधीकधी नावसुद्धा खोटे असते, आणि तोच माणूस वेगवेगळ्या नावांनी अनेक आरोपींचा जामीनदार झालेला असतो. हे उघडकीस आले की जामीन धोक्यात येतोच, शिवाय न्यायालयाची फसवणूक आणि बनावट दस्तऐवजांचा नवा गुन्हा दाखल होऊ शकतो आणि त्यात पैसे देणाऱ्या नातेवाइकाचेही नाव येते. भावाला सोडवायला निघालेल्या तुम्हाला त्या पिंजऱ्यात मला पाहायचे नाही. गावातला दोन एकरांचा धनी असलेला सख्खा मामा कोणत्याही भाडोत्री माणसापेक्षा चांगला जामीनदार असतो, फक्त त्याला जबाबदारी नीट समजावून सांगा.

अटींविषयी दोन गोष्टी. फिर्यादीच्या उपचारासाठी अमुक लाख जमा करतो, तेवढ्यावर जामीन द्या, असा प्रस्ताव अर्जात देण्याची प्रथा काही ठिकाणी पडली होती. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अपहाराच्या प्रकरणात, हमी देऊन नंतर ती न पाळण्याचा प्रकार पाहून सर्वोच्च न्यायालयाने बजावले की पैसे भरण्याच्या हमीवर जामीन देऊ नये, अर्जाचा निर्णय गुणवत्तेवरच करावा. म्हणून असा सौदा सुचवू नका. दुसरे, हजेरीची अट लागली तर हजेरीपुस्तकातल्या सहीचा दिनांक स्वतःच्या वहीतही लिहून ठेवा. ‘आरोपी हजेरीला येत नव्हता’ असा अहवाल आला तर ती वही कामाला येते.

सत्र न्यायालयाने अर्ज फेटाळला तर कलम ४८३ खालीच उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. साताऱ्याच्या लोकांना त्यासाठी पूर्वी मुंबईला जावे लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट खंडपीठ सुरू झाले असून सातारा त्याच्या कक्षेत आहे. शिक्षेच्या निम्म्या, आणि पहिल्याच गुन्ह्यात एक तृतीयांश, कालावधीनंतर सुटका देणारे कलम ४७९ तुम्हाला कोणी सांगेल. परंतु ज्या गुन्ह्याला जन्मठेप ही एक शिक्षा म्हणून नमूद आहे त्याला ते लागू होत नाही, त्यामुळे १०९ असेपर्यंत त्यावर विसंबू नका. मात्र खटला सुरूच होत नसेल, साक्षीदारांची यादी लांबलचक असेल आणि भाऊ दीर्घ काळ आत असेल, तर जलद खटल्याचा हक्क हा स्वतंत्र आधार असतो. जुलै २०२४ मध्ये मुंबईतील बनावट नोटांच्या प्रकरणात, यूएपीएसारखा, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधाचा, कठोर कायदा लागलेला असूनही, चार वर्षे खटला पुढे न सरकल्याने सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला जामीन दिला होता.

सुटका झाल्यावर प्रत्येक तारीख न चुकता पाळावी लागेल. आजारपणामुळे जाणे शक्य नसेल तर त्याच दिवशी वकिलांमार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यावा, नाहीतर अजामीनपात्र वॉरंट निघते, जामीनदाराला नोटीस जाते आणि गैरहजेरी हा न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हाही ठरतो.

या आठवड्यात कारागृहात भेटीला जाल तेव्हा वकालतनाम्याचे काम मार्गी लावा, दोषारोपपत्राची प्रत भावाला मिळाली का हे विचारा, आणि त्या दिवशी बांधावर कोण कोण उभे होते हे त्याच्याच तोंडून ऐकून तिथून बाहेर पडताच लिहून काढा. साक्षीदारांच्या जबाबांशी ते जुळवून पाहताना वकिलांना त्याची गरज लागेल.